काचेमागून हाक

आई : मी काही चुकीचं दाबलं का?

चाचणीवाली : नाही हो ताई, तुम्ही चुकू शकतच नाही. परीक्षा तुमची नाहीये, या वेबसाइटची आहे. हॉस्पिटल आमच्याकडून ती नव्यानं करून घेतंय ना, तर माणसं कसं शोधतात, कुठे अडतात, तेवढंच बघायचंय. फक्त मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं.

आई : मनातलं मोठ्यानं? लग्नानंतर ती सवय मोडली हो.

चाचणीवाली : मग आज हौस भागवून घ्या!

स्पीकर : ताईंना जरा जोरात बोलायला सांग. इथे काही ऐकू येत नाहीये.

चाचणीवाली : अगं बाई! सर, आवाज कमी करा ना तो, छत अंगावर आल्यासारखं वाटतं. सॉरी ताई, आमचे सर आहेत, त्या काचेपलीकडे बसलेत. तुम्हीपण केवढ्या दचकलात! आणि मांडीवरच्या राणीसरकार बघा, ढिम्म. काय गुणी बाळ आहे. माझी भाची असती तर ऑफिस डोक्यावर घेतलं असतं.

आई : हो. सगळे म्हणतात. गुणी आहे.

चाचणीवाली : बरं, गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ तर तुम्ही चुटकीसरशी शोधलीत. आता दुसरं काम. या हॉस्पिटलबद्दल तुम्हाला स्वतःला जे शोधावंसं वाटेल, ते शोधा.

आई : काहीही?

चाचणीवाली : काहीही. लिहिलंत आणि खोडलंत. काय होतं?

आई : ‘बाळ’ लिहिलं होतं. लसी आल्या, वजनाचे तक्ते आले, बाळंतिणीच्या खोल्यांचे फोटो आले. ते नको होतं. थांबा. ‘बाळ हाक मारल्यावर बघत नाही.’

चाचणीवाली : हं. बोलत राहा. काय दिसतंय?

आई : ‘काहीही सापडलं नाही. शब्द तपासून पुन्हा प्रयत्न करा.’ शब्द तर बरोबर आहेत. वेगळं लिहून बघते. ‘बाळ आवाजाकडे वळत नाही.’ आता डोळ्यांचा विभाग दाखवतंय. तिरळेपणा. मॅडम, हे कुठे असतं?

चाचणीवाली : मी इथे नाहीच असं समजा. मी नसते तर तुम्ही काय केलं असतं?

आई : पण तुम्हाला माहीत आहे ना?

चाचणीवाली : मी सांगितलं की चाचणी बाद होते, ताई. तसा नियम आहे. एक विचारू? बहुतेक जण एखादाच शब्द टाकतात. तुम्ही वाक्यं लिहिताय. तो एक शब्द तुम्हाला ठाऊक असणार.

आई : ठाऊक आहे. बोटांतून उतरत नाही.

चाचणीवाली : घरी कसं शोधता मग?

आई : घरी नाही शोधत. एकच टॅब आहे, सगळ्यांचा. एकदा अर्धी ओळ टाकली होती मी. दुसऱ्या दिवशी सगळे जेवत होतो, सासूबाईंना काहीतरी बघायचं होतं. त्यांनी ‘बा’ एवढंच टाकलं, पुढचं सगळं टॅबनंच पुरं केलं. चष्मा लावून मोठ्यानं वाचलं त्यांनी. म्हणाल्या, धडधाकट पोरीला नाट लावतेस? आणि हिचा बाबा ताटातून मान वर करेना. त्याचं म्हणणं, तिचं लक्ष नसतं. तोसुद्धा उशिराच बोलायला लागला होता म्हणे.

चाचणीवाली : आणि तुमचा फोन?

आई : एकदाच बघितलं. मग त्या कानातल्या यंत्राची जाहिरात माझ्या मागेच लागली. पाककृती उघडली तरी वर तेच. पटकन झाकायला लागायचं. म्हणून तर आले. तुम्हाला वेबसाइट वापरून बघायला माणसं हवी होती ना? म्हटलं, परकं मशीन आहे. शोधायचं आणि उठून जायचं.

चाचणीवाली : ताई, पण ही स्क्रीन रेकॉर्ड होतेय. सुरुवातीला सांगितलं होतं मी.

आई : हो, वाचूनच सही केली. परक्यांनी बघितलेलं चालतं मला.

चाचणीवाली : सर, मी सांगतेय हं यांना. करा बाद. ताई, ते पान आहे. कान-नाक-घसा उघडा. आता ‘इतर सेवा’. अगदी खाली जा. ‘श्रवण-मूल्यमापन’.

आई : श्रवण-मूल्यमापन. हे कुणाच्या डोक्यात येतं हो?

चाचणीवाली : डॉक्टरांच्या. त्यांनी जे शब्द दिले, त्यांच्यावरच आम्ही सगळं बांधलं.

आई : माझ्यासारख्या अजून असतील. ‘काहीही सापडलं नाही’ वाचून परत गेलेल्या. खरं सांगू? मघाशी ते वाचून मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला माहीत नाही, म्हणजे असं काही नसतंच.

चाचणीवाली : वेळ घेऊ या का आत्ताच? पुढच्या महिन्याच्या शेवटी दाखवतंय.

आई : घ्या. पण त्याआधी एक कराल? तुमच्या सरांना पुन्हा बोलायला सांगा. मघासारखं, वरून.

चाचणीवाली : ताई, असं काहीतरी करून नक्की कळत नसतं. तपासणीच—

आई : माहीत आहे. तरी. घरी मी हाक मारते तेव्हा ती आधीच माझ्याकडे बघत असते. मागून गेले तर माझी सावली पडते, पावलांनी लादी हलते. हसत वळते, की सासूबाई म्हणतात, बघ, आलं की नाही ऐकू! तुमच्या सरांची सावली इथे पडत नाही.

स्पीकर : ऐकतोय मी. काय म्हणू?

आई : चिऊ म्हणतो आम्ही तिला.

स्पीकर : चिऊ. ए चिऊ! चिऊताई, वर बघ! चिऊ!

(माउसची वायर टेबलावर घासली जात राहते.)

आई : मला तिची पाठच दिसतेय. तुम्हाला दिसतंय ना तिथून? काय करतेय?

स्पीकर : वायरशी खेळतेय.

आई : जोरात बोललात ना पण?

स्पीकर : हो ताई. पूर्ण वाढवला होता आवाज.

चाचणीवाली : पाणी आणते मी.

आई : नको. तुमचे शेवटचे प्रश्न राहिलेत ना? ते उरकून टाका.

चाचणीवाली : राहू द्या हो आता.

आई : विचारा. इथून उठले की घरीच जायचंय मला.

चाचणीवाली : एकच आहे. ‘तुम्ही जे शोधत होतात, ते सापडलं का?’ हो किंवा नाही.

आई : हो लिहा.