अकरावं नाव

— एकीनंबी इस्वास ठेवला न्हाई माझ्यावर, बाई, मग तुमी तरी का ठेवाल? पण बसा. दार लोटा आधी — कडी घाला. कुणी डोकावलं तर सांगीन, कुटुंबनियोजनाच्या बाई आल्यात. गडीमाणसं पाठ फिरवून पळतात. हे सूप असू द्या माझ्या मांडीवर, बोलता बोलता वळते.

घरी विड्या वळणाऱ्यांसाठी कायदा सुधारायचाय म्हणता — मग लिहा. आमी अकराजणी वळतो, पण विडी कामगाराचं कारड कुणाच्या नावाचं? कारखान्याच्या मुनिमाच्या बहिणीच्या! ती बसलीय भंडारदऱ्याला, जल्मात तिनं पान कातरलं न्हाई. म्हंजे सरकारला आमी दिसतच न्हाई — आजारपण न्हाई, बाळंतपण न्हाई, उद्या काम बंद केलं तर इचारनारं कोन? म्हनून नगरच्या कामगार हापिसाला अर्ज केला, ज्येचं त्येला कारड द्या म्हनून. मी चौथी शिकलेली, मीच लिव्हला. ओसरीवर बसतो त्याच ओळीनं नावं घातली — उंबऱ्यापाशी झुंबरबाई, तिला उजेड लागतो, मग राहीबाई, मग छबूबाई... भिंतीला मी, मनकर्णा, अकरावी. आंगठे घेतले आन् पेटीत टाकला. ह्या हातानं.

तिसऱ्या दिवशी मुनीम कारखान्याच्या ओट्यावर पुकारायला लागला — झुंबरबाई, पान-तंबाखू बंद. राहीबाई, बंद. छबूबाई, बंद. पान न्हाई तर विडी न्हाई, मजुरी न्हाई. त्याच्या वहीत आमची नावंच न्हाईत, बाई, मग अर्जातली त्याला कळली कुठून? आन् माझ्याच ओळीनं? दहा झाली आन् थांबला. अकरावं घेतलंच न्हाई — माझ्या सुपात पान पडलं! सगळ्या बघत हुत्या. झुंबरबाई थुंकली, “चौथी शिकलीस ती ह्यासाठी व्हय गं?” तिचा नवरा अंथरुणावर, चूल तिच्या विड्यांवर. मी पोरांची शपथ घेतली, तर म्हनली, पोरांना तरी सोड.

काय? टपालात फुटला असंल? न्हाई हो, टपालात गेलाच न्हाई — म्हंजे, मी न्हाई टाकला. बाईमाणूस पेटीपाशी दिसलं की गावभर हुतं, म्हनून घरातनं दिला टाकायला. कुनाकडं काय इचारता — घरच्यांकडं! कारखान्यात भट्टीवर हुते, पंधरा वर्षं धग खाल्ली. परवा चेकर झाले — आता बसून बायकांच्या विड्या तपासायच्या, नको ती फेकायची. मी इचारलंसुदिक न्हाई. जेवताना आपनच म्हनले, “तुझं नाव वाचवलं ना मी?” हसत म्हनले, बाई. मारलं असतं तर येवढी भ्याले नसते. तवापासून शेजारी निजते, त्यांनी कूस बदलली तरी दचकते.

हे लिव्हलंत? खोडा. खोडा म्हनते ना! ...नाव न्हाई तर चौकशी न्हाई? ‘घरचे’ चालत न्हाई? बावीस वर्षांत मी त्यांचं नाव घेतलं न्हाई. लग्नात करवल्यांनी दार अडवलं तवा उखाण्यात, तेवढंच. आन् दहाजणींची सुपं पालथी पडलीत, व्हय, ठावं हाय मला...

गप्. वहाना वाजल्या. त्यांच्याच. मागल्या दारानं निघा — आन् कायदा कराल तवा पयलं हे घाला, सांगनारीचं नाव मालकाला कळू नये. जा, उठा. लिहा पटदिशी.

रंगनाथ.