उकिरडा नावाचं झाड

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या असुबोनीचे राजे नाना ओबिरी, व्यासपीठावरील नगरसभेचे मान्यवर, सत्कारमूर्ती तिवा मावशी, आणि जोलोफ भाताच्या वासाने अर्धं लक्ष मागे असलेल्या बंधुभगिनींनो,

मी क्वाबेना अम्पोफो, मोटारतळावरच्या चालकांच्या वतीने दोनच शब्द बोलणार आहे. हसू नका. चालकाने सांगितलेली वेळ कधीतरी खरी ठरतेच की!

मावशींनी नगरसभेच्या बागखात्यात उभी हयात घालवली. तळावरचा जुना बदाम वादळात पडला, तेव्हा त्याखाली पेज विकणारी सेर्वा उन्हात आली, आणि तिच्याबरोबर आम्हीही. मावशींनी त्या जागी रोप लावलं. आमच्यातल्याच एका शहाण्याने गाडी मागे घेताना ते चिरडलं. दुसरं बकऱ्यांनी फस्त केलं. तिसरं कोरड्या वाऱ्याने करपलं. नगरसभा म्हणाली, आता शेवटचं. हेही गेलं तर काँक्रीट ओतून दुकानं काढू.

चौथ्या वेळी मावशींनी सगळा तळ गोळा केला.

"ज्या घरी पोरं जगत नाहीत, तिथे पुढच्याचं नाव काय ठेवतात रे?"

"काहीतरी घाणेरडं, मावशी. मरणाने नाक मुरडून निघून जावं असं."

"मग ह्याचं नाव उकिरडा."

सेर्वा ओरडली, "अगं बाई, उकिरड्याखाली माझी पेज कोण खाईल?"

"आधी त्याला जगू दे, मग तुझ्या पेजेचं बघू!"

नाव मिळालं आणि ते घरचं पोर झालं. बकरी फिरकली की तळ बोंबलायचा, "ए, आमच्या उकिरड्याला सोड!" गाड्यांच्या रेडिएटरमध्ये ओतून उरलेलं पाणी त्याला मिळायचं. आज त्याच्या सावलीत लोक पेजेच्या दोन-दोन वाट्या ओरपतात.

गेल्या वर्षी मावशी फार आजारी पडल्या. आम्ही घाबरलो होतो. खरं सांगतो, अजून घाबरतो. आणि मघाशी इथे मानपत्र वाचलं गेलं, 'असुबोनीची वनदेवता', 'अनमोल रत्न'! नाना, रागावू नका, पण असलं मोठ्याने वाचतात का? ज्याने ऐकू नये तोही ऐकत असतो.

म्हणून मी त्याला ऐकू जाईल असं सांगतो. ही बाई कजाग आहे, खडूस आहे, हिचा काडीचा उपयोग नाही. नेणाऱ्याच्या डोक्याला नुसता ताप होईल. ती राहू दे आमच्याकडेच.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही चुकलं असेल तर पोटात घाला. मावशींबद्दलचा शब्द मात्र मी एकही मागे घेणार नाही.