स्वखुशीची देणगी

शाळेच्या ऑफिसबाहेर रांग होती. बाळ नुकतंच माझ्या खांद्यावर झोपलं होतं, म्हणून मी हलतही नव्हते. पुढे दोघी बहिणी होत्या. थोरली शिवणकाम करणारी, धाकटी परदेशात नर्स, सुट्टीवर आलेली.

"ताई, पाटीवर तर लिहिलंय, शिक्षण मोफत."

"मोफतच आहे गं. हा देणगीचा फॉर्म आहे."

"'ही रक्कम मी स्वखुशीने देत आहे.' स्वखुशीने? अगं, हे मी तुझ्या दाढेसाठी पाठवलेले पैसे!"

"दाढ थांबेल. हळू बोल."

"का हळू? मी राहते तिकडे वह्यासुद्धा शाळाच देते."

"मग भाचीला तिकडेच घेऊन जा."

"चेष्टा नको. ते 'स्वखुशीने' खोड आधी."

"गेल्या वर्षी खोडलं होतं."

"मग?"

"साहेबांनी पैसे परत केले. म्हणाले, बाई, आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही. पोरगी वर्षभर घरी बसली."

"निर्लज्ज मेले!"

"झालं बोलून? आता डोळे पूस. आत गेल्यावर तोंड हसरं ठेव, ते बघतात."