पहिला फेरा घरच्यांचा

—नाही नाही, रंगाकडे बघू नकोस ल्युबिशा, रंग काय, कुणीही लावतो — तू वर बघ, त्या कड्यांकडे, साखळ्या लोंबतात ना तिथे. बत्तीस खुर्च्या आहेत. माझ्या बापानं हा गोल फिरणारा पाळणा घेतला तेव्हा चोवीस होत्या, आठ मी वाढवल्या. अरे, बायकोला उतरव ना गाडीतून, आत चूल पेटलीय... नाही म्हणते? मुलगी झोपलीय? बरं, राहू दे. तू घोटभर घे. आलुबुखाऱ्याची आहे, घरची, डोकं नाही दुखायचं. मिओमिर येतोच आहे, माझा मुलगा — कागदावर त्याचंही नाव आहे, सही त्याची लागणार. टायरच्या दुकानात असतो आता. माझा मुलगा टायर बदलतो! जाऊ दे.

मे महिन्यात संत जॉर्जच्या सणाला निघायचं, ते नोव्हेंबरात संत दिमित्रीच्या सणाला परत. बोल्येवाच, क्न्याझेवाच, पिरोत, मग डोंगर उतरून खाली मॅसेडोनियापर्यंत — जिथे जत्रा तिथे आमचं घर. मिओमिरचा जन्मसुद्धा नेगोतिनच्या जत्रेतला, ट्रेलरमध्ये. बाहेर बँड वाजतोय, आत माझी देसांका किंचाळतेय, आणि कुणाला पत्ताच नाही! मी तिकिटं फाडत होतो, मला वाटलं गाणारीण बेसूर झाली. आयुष्यभर ऐकवलं तिनं मला त्यावरून. आता ऐकवायलाही राहिली नाही. तुम्हीही असेच फिरणार ना, तिघं? फिरा. पोरांना चार गावचं पाणी मिळतं, शाळा थोडी कमी होते, एवढंच.

एक पद्धत तेवढी पाळ. नव्या गावात पहिला फेरा घरच्यांचा. तिकीट उघडायच्या आधी आपली माणसं बसवायची, सगळ्या गावादेखत. लोक कुंपणाला रेलून बघत असतात, हा बाबा स्वतःची पोरं बसवतो की नाही. बसवलीस की लागलीच रांग. तुझी केवढी आहे? सहा? यागोदा, माझी नात, आठ वर्षांची होती तेव्हा — होती म्हणजे आहे रे, देवाच्या दयेनं आहे, चौदाची झाली. कुबडी घेऊन चालते. असा काय बघतोस? तुला बाजारात कुणी बोललं नाही? मला वाटलं, बोलले असतील. सगळं बोलतात लेकाचे.

साखळ्या कोण तपासायचं? विचार, विचार, तू विकत घेतोयस, विचारणारच. मिओमिर. इंजिन माझं, साखळ्या त्याच्या. रोज सकाळी शिडी लावून एकेक कडी हातानं चाचपायचा. त्या दिवशीही चाचपली — म्हणजे तो म्हणतो, चाचपली, पण नीट नसेल चाचपली, आदल्या रात्री प्यायलो होतो, म्हणतो. सहा वर्षं तेच. माझ्या हातातून सुटलं बाबा, माझ्याच हातातून सुटलं. झोपत नाही. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली, तिनं तोंडावर सांगितलं त्याला, तू तुझ्या पोरीचे पाय मोडलेस. आणि मी तिथेच बसलेलो. सूप पीत होतो.

त्यानं चाचपली होती, ल्युबिशा. तो खाली येऊन मला म्हणाला होता, बाबा, नऊ नंबरच्या कडीला बारीक चीर दिसतेय, तुम्ही बघा. मी म्हटलं, बघतो. आता त्याला आठवतच नाही — कसं आठवेल, पोरगी पडताना बघितली त्यानं! — आणि मी आठवण करून दिली नाही. मी वर चढलो. चीर होती, नखाएवढी. पण दिवस कुठला? संत इलियाचा, विजा पाडणाऱ्या संताचा! कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेला. तुझ्याकडेही तेच ना, लाल दिवशी लोखंडाला हात नाही, बाया सुईसुद्धा धरत नाहीत. वेल्डर समोरच राहायचा, अंगणात कोकरू भाजत बसला होता. म्हणाला, काका, उद्या या, आज इलिया वीज पाडेल माझ्यावर. आणि मला पटलं! मग पाळणा चालवणं हे काम नाही का, म्हणशील — छे, ती तर जत्रा! खुर्ची काढली असती, तर तोल राहावा म्हणून समोरचीही काढावी लागली असती, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दोन खुर्च्या कमी. म्हटलं, एक दिवस निघेल. रंगाचा डबा घेतला आणि चिरेवर ब्रश फिरवला. रंग लावणं काही काम नाही ना!

आणि पहिल्या फेऱ्याला यागोदा धावत आली ती थेट नऊ नंबरवर. इतक्या खुर्च्या होत्या रे! मी तोंड उघडलं होतं, तिथे नको बाळा, म्हणायला. पण कुंपणाला सगळं गाव. 'तिथे नको' ऐकल्यावर कोण चढतंय पाळण्यावर? मी तोंड मिटलं. स्वतः तिच्या कमरेची साखळी लावली. तिनं माझ्या टोपीवर टपली मारली. आणि मी जाऊन इंजिन सुरू केलं.

काही बोलू नकोस. आजवर कुणाला सांगितलं नाही, देसांकाला नाही, मरताना तिनं विचारलं तरी नाही — आणि तुला सांगत बसलोय, ज्याला मी तासापूर्वी ओळखतही नव्हतो. का? तू कड्या बघत होतास म्हणून असेल. दर रविवारी मिओमिर येतो, लाकडं फोडून देतो, माझी माफी मागतो. माफी, माझी! आणि मी म्हणतो, असू दे बेटा, होतं असं.

फाटक वाजलं का? तोच. तोच आहे, पाय असेच ओढत चालतो हल्ली. ऊठ, ल्युबिशा. नाही, सही आज नाही, पाळणा विकायचा की भंगारात घालायचा ते त्याला ठरवू दे. बाटली घेऊन जा, तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग. जा ना बाबा, लवकर जा, नाहीतर माझा धीर सुटेल.

ये मिओमिर. हे निघालेत. बस इथे. नाही रे, कागद राहू दे. बस आधी.