व्यायामाचा तास

निरोगी बालक हेच राष्ट्राचे बळ, असा फलक चीनमधल्या छांगशा शहरातल्या एका दवाखान्यात टांगला होता. शाळेतून लठ्ठपणाची चिठ्ठी आल्यामुळे आपलं चौथीतलं साठ किलोंचं बळ घेऊन शू बाई त्याखाली चुळबुळत बसल्या होत्या. शेजारी मुलाच्या शाळेतले व्यायामाचे सर येऊन बसले.

"सर, अजून आजारीच का?"

"छे हो ताई, मी ठणठणीत आहे. आईचं औषध न्यायला आलोय."

"मग गणिताच्या बाई तुमचा तास घेतात, सर आजारी आहेत म्हणून सांगतात, ते?"

"तीन वर्षं तेच सांगतायत."

"आणि वजनाची चिठ्ठी आम्हाला! पोरानं पळायचं कधी? मी तक्रारच करते."

"जरूर करा. पण गणिताचे तास वाढवा, असा अर्ज पालकांनीच दिलाय."

"कोण हे दीडशहाणे?"

"पहिली सही तुमचीच आहे."