उकळणाऱ्या ताऱ्याचं माप

वडील : तुझा तारा लहान निघाला म्हणजे किती लहान? चिमूटभर, की चांगलाच?

लेक : तिसरा हिस्सा गेला, बाबा.

आई : धुतल्यावर आटला का?

वडील : तू मध्ये बोलू नकोस. ठमे, उद्या रविवारी खालच्या हॉलमध्ये तुझा सत्कार आहे. फलक रंगवून झालाय. ‘सर्वात मोठा तारा मोजणारी आपल्या इमारतीची कन्या.’

लेक : मला न विचारता.

वडील : विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस.

आई : आणि समोरच्या वकिलांना रोज जिन्यात गाठून ऐकवलंय. सूर्याच्या जागी ठेवला तर शनीपर्यंत सगळं गिळेल म्हणून. ते बिचारे हल्ली पहिल्या मजल्यावरूनही लिफ्टने उतरतात.

वडील : आता कुठपर्यंत गिळतो?

लेक : गुरूच्या जरा पुढे.

आई : चला, शनी सुटला एकदाचा.

वडील : पण असं कसं? तारा काय एका रात्रीत वाळला?

लेक : तारा आहे तेवढाच आहे. आमचं अंतर चुकलं. आभाळात तो केवढा दिसतो ते नीट मोजलंय. पण मुळात केवढा आहे ते कळायला, किती लांब आहे ते लागतं. हात लांब करा. अंगठा वर. एक डोळा मिटा. आता तो उघडून दुसरा.

वडील : अंगठा सरकला.

लेक : जवळ आणा.

वडील : आता जास्त सरकतोय.

आई : तोंड कशाला वाकडं करताय? डोळा मिटायला सांगितलाय.

लेक : ताऱ्याचंही असंच. पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना बघायचा, सहा महिन्यांनी त्या बाजूला गेली की पुन्हा. जितका कमी सरकला तितका लांब. पण हा म्हातारा तारा, म्हातारपणी फुगलेला. इतका फुगलाय की त्याचं सरकणं त्याच्या अंगापेक्षाही कमी. त्यात वरून उकळतोय, पातेल्यातल्या दुधासारखा. आज या गालावर उजेड, सहा महिन्यांनी त्या गालावर. आम्ही उजळ गाल धरून बसलो.

आई : फोटो काढताना हलला म्हण की.

लेक : तसंच. त्यामुळे सरकणं कमी भरलं, अंतर जास्त निघालं. आणि इतक्या लांबून एवढा दिसतो म्हणजे राक्षसच असणार, असं झालं. आता त्याच्याभोवतीच्या वायूतले ठिपके धरून मोजलं. रेडिओ दुर्बिणीला दिसतात ते. त्यांना ही उकळी बाधत नाही.

वडील : हे अजून कोणाला माहीत आहे?

लेक : आमच्या गटाला. दुरुस्ती लिहून तयार आहे, पाठवायची बाकी आहे.

वडील : मग सोमवारी पाठव.

लेक : बाबा.

वडील : मी काय खोटं बोल म्हणतोय? रविवारी सत्कार, सोमवारी दुरुस्ती. तारा कुठे पळून चाललाय.

लेक : ...बरं. सोमवारी.

वडील : बरं?

लेक : तुम्ही फलक केलाय, माईक सांगितलाय. एका दिवसाने काय होतंय.

वडील : हो. तेच म्हणतोय मी.

(वडील आळीपाळीने डोळे मिटून अंगठा बघत बसतात.)

आई : अहो, डोळे दुखतील.

वडील : ही इतक्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं.

आई : लहानपणी कुठे ऐकायची? ती लांब उडी आठवते ना? शाळेत व्यायामाचे सर तुम्हीच, टेप धरून बसलेले तुम्हीच. सगळ्यांत लांब उडी हिची, आणि तुम्ही बाद दिली.

वडील : पाय फळीच्या पुढे पडला होता.

आई : अर्धं बोट.

वडील : अर्धं बोट पुढे म्हणजे पुढेच.

आई : दुसऱ्या कोणी बघितलंही नव्हतं. पोरगी आठवडाभर घरात तुम्हाला ‘सर’ म्हणत होती. सर, टॉवेल घ्या. सर, आई जेवायला बोलावतेय.

लेक : मला दिसला होता. पाय पुढे पडलेला.

वडील : मग तेव्हा का नाही बोललीस?

लेक : मी चिडले होते ना.

वडील : ठमे, ते सोमवारचं काही जमायचं नाही. उद्या माईकवर ‘सर्वात मोठा’ म्हणायला गेलो की मला ती फळी दिसणार.

लेक : मग सत्कार?

वडील : होईल की. रंगाऱ्याला सांगतो, ‘सर्वात’वर रंग फिरव. ‘मोठा तारा’ राहू दे. मोठा आहे ना अजून?

लेक : खूप मोठा आहे, बाबा.

आई : आणि वकिलांना कोण सांगणार?

वडील : मीच सांगतो, जिन्यात.

आई : ते लिफ्टने जातात.

वडील : मग लिफ्टमध्ये. तिथे पळायलाही जागा नाही. म्हणावं, आमच्या पोरीने स्वतःची उडी स्वतः बाद दिली. ठमे, पाठवलंस का?

लेक : पाठवलं, सर.