सुगंधाचा विळा

तुमी हसाल, पण आमच्या किन्हवलीच्या सुगंधाला बर्फात विळ्यानं पार छळलं. आमी दोघी हिमाचलात गिर्यारोहणाच्या कोर्सला गेलो होतो. घसरलं की आइस अ‍ॅक्स छातीशी धरून बर्फात रोवायची, हा तिथला पयला धडा. सुगंधा घसरली की अ‍ॅक्स लांब भिरकावून द्यायची. दर वेळी!

सर वैतागले, "फेकतेस कशाला?"

"भात कापताना पाय सरकला तर आमी आधी विळा लांब टाकतो, सर. नायतर पोटात जाईल. हाताला तेच माहीत."

"उद्या ग्लेशियरवर टाकलीस, तर एकाच दोरीला बांधलेली जोडीदारीण पण जाईल तुझ्यासोबत."

दुसऱ्या दिवशी ग्लेशियरवर तिच्या दोरीला मी होते, आणि घसरले पण मीच. खाली बर्फातली भेग आ वासून. तेवढ्यात दोरी ताणली आणि मी जागच्या जागी थांबले. वर बघते, तर सुगंधा बर्फात रोवलेल्या अ‍ॅक्सवर पालथी पडलेली. मला वर घेतलं तरी तिची मूठ सुटेना.

परवा गावी भातकापणीत ती बांधावरून घसरली. विळा उडाला थेट पलीकडच्या खाचरात.

"काय गो, इथं बरा टाकलास?"

"मग? इथं दोरीला तू कुठं होतीस?"